कारोंचे गायलेले मंत्र : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात सुमात्रा बेटावरच्या कारो लोकांच्या ‘मांगमांग’ या मंत्रप्रकारावर एक छोटं टिपण छापलं होतं. मांगमांग हे मंत्र पुटपुटायचे नसतात, गायचे असतात. सातारा-सांगलीकडून त्यावर बरीच पत्रं आली. गोंधळी, सनईवाले, शिक्षक आणि ओव्या जमवणारे असे सगळ्या तऱ्हेचे वाचक त्यात आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

*प्रश्न : मांगमांग म्हणजे नेमकं काय? आपण मंत्र म्हणतो तेच, की भजन? (विटा)*

दोन्ही नाही. आधी माणसं कोण ते पाहू. उत्तर सुमात्रात सिनाबुंग आणि सिबायाक हे दोन ज्वालामुखी आहेत. त्यांच्या पायथ्याच्या पठारावर आणि खाली मेदान शहराच्या बाजूला कारो लोक राहतात. ब्रास्तागी आणि काबानजाहे ही त्यांची मोठी गावं. त्यांच्या जुन्या धर्माला ‘पमेना’ म्हणतात. त्यात मंत्र-विधी जाणणारा माणूस म्हणजे ‘गुरू’, शब्द आपलाच. गुरूंचे प्रकार बरेच. शुभ दिवस काढणारा वेगळा, हाडं बसवणारा वेगळा. ज्याच्या तोंडून मेलेली माणसं बोलतात तो ‘गुरू सिबासो’, आणि ही बहुतेक वेळा बाई असते.

गुरूच्या मंत्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘ताबास’ म्हणजे पुटपुटलेला किंवा बोललेला मंत्र. तो औषधावर, पाण्यावर, विड्यावर म्हणतात. तो आखूड असतो आणि ऐकू आला नाही तरी चालतो. ‘मांगमांग’ मात्र ऐकू गेलाच पाहिजे, कारण तो कुणाला तरी बोलावण्यासाठी असतो. बोलावणं लांबवर पोहोचायचं तर सूर लागतो. आपल्याकडचा गोंधळी गावोगावच्या देवतांना एकेक नाव घेऊन ‘गोंधळाला या’ म्हणतो, ते मांगमांगच्या सगळ्यात जवळचं.

मांगमांगचा क्रम साधारण असा असतो. आधी क्षमा मागायची. मग वरचा, मधला आणि खालचा अशा तिन्ही लोकांच्या ‘दिबातां’ना, म्हणजे देवतांना, साद घालायची. मग पूर्वजांना आणि त्या जागेच्या मालकांना. बोलावणं कशासाठी हे सांगायचं, समोर काय काय मांडलंय ते नाव घेऊन दाखवायचं, मागणं मागायचं आणि शेवटी आलेल्याला निरोप द्यायचा. यातला एकही टप्पा शोभेचा नाही. क्षमा न मागता हाक मारली तर तो उर्मटपणा. विडा न दाखवता मागणं मागितलं तर पाहुण्याला पाणीही न विचारता कामाचं बोलल्यासारखं. आणि निरोप न देता थांबणं सगळ्यात वाईट, कारण बोलावलेला तिथेच घुटमळत राहतो. मंत्र चुकला म्हणजे एखादा शब्द चुकला, असा आपला समज असतो. इथे क्रम तुटला की मंत्र चुकला.

गाण्याची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. वाद्यांची फेरी ठरलेल्या लयीत चालू राहते. गुरूचा आवाज तिच्यावरून मोकळा वाहतो, मात्रेला बांधलेला नसतो. ओळीच्या शेवटी सूर लांबवतात आणि त्यावर गळ्यातून बारीक झटके देतात. त्यांना ‘रेंगेत’ म्हणतात. आपल्या मुरकीशी जवळचा प्रकार आहे, पण कंठ किंचित अडवून घेतलेला. रेंगेत नसेल तर कारो माणूस ‘हे आमचं गाणं नाही’ म्हणेल.

*प्रश्न : टिपणात ‘दिबाता’, ‘गुरू’ असे शब्द आले. कारोंच्या मंत्रांत संस्कृत किती आहे आणि ते तिथवर गेलं कसं? (वाई)*

वाईच्या वाचकांनी हा प्रश्न विचारावा हे साहजिकच. आणि उत्तर सुंदर आहे.

मंत्राच्या सुरुवातीला क्षमा मागतात तो शब्द ‘सेंताबी’. हा संस्कृत ‘क्षंतव्य’. मलय भाषेतला ‘ताबिक’ त्याच घरातला. त्याच्या आधी कित्येकदा ‘होंग’ किंवा ‘ओंग’ असा उच्चार येतो, तो आपला ओंकार. मंत्रात आठही दिशांना नावानं हाक मारतात : पुर्बा, अगुनी, दाक्सिना, नारिती, पुस्तिमा, मांगादिया, बुतारा, इरिसेन. सावकाश वाचा, वायव्य सोडली तर सगळ्या ओळखू येतात. या आठ दिशांना मिळून ते ‘देसा सि वालुह’ म्हणतात. ‘देसा’ आपला देश, ‘वालुह’ म्हणजे आठ, त्यांच्या भाषेतला.

महिन्याच्या तीस दिवसांना तीस वेगळी नावं आहेत. पहिले सहा दिवस आदित्या, सुमा, ङ्गारा, बुदाहा, बेरास्पाती, चुकेरा. ‘ङ्गारा’ म्हणजे अंगारक. अंगारकी चतुर्थीला गणपतीला जाणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागू नये. चौदाव्या दिवसाच्या नावात ‘पुर्नामा’ आहे. विधी कोणत्या दिवशी करायचा हे यावरूनच ठरतं आणि ते काढणाऱ्या गुरूचं काम आपल्या पंचांग पाहणाऱ्या जोशीबुवांसारखंच असतं.

हे गेलं कसं? सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारूस नावाचं जुनं कापराचं बंदर आहे. तिथे लोबू तुआ या ठिकाणी इ. स. १०८८ चा तमिळ शिलालेख सापडला. तो ‘ऐन्नूर्रुवर’, म्हणजे ‘पाचशे’ या व्यापारी संघाचा. या संघाचं मूळ गाव कर्नाटकातलं ऐहोळे, सांगलीपासून फार लांब नाही. कोल्हापूर परिसरातल्या शिलाहारकालीन लेखांतही याच व्यापाऱ्यांचा उल्लेख येतो. कारोंच्या पाच कुळांपैकी सेंबिरिंग कुळात चोलिया, पांदिया, ब्राह्माना, केलिंग अशी पोटकुळं आहेत. चोल, पांड्य आणि कलिंग त्यात दिसतात. सेंबिरिंगांच्या काही पोटकुळांत मृतांच्या अस्थी-राख छोट्या होड्यांतून नदीत सोडायची चालही होती.

म्हणून कारोंचे मंत्र ‘आपलेच’, असं मात्र म्हणू नका. व्याकरण कारो, चाल कारो, ज्यांना बोलावतात ते पूर्वज कारो. संस्कृत शब्द मंत्राच्या उंबरठ्यावर आहेत : क्षमा, दिशा, दिवस, देवता. आतल्या घरात गेल्यावर सगळी बोली त्यांची स्वतःची. ही सरमिसळ कुठे आहे आणि कुठे नाही, हे बघणंच खरं अभ्यासाचं.

*प्रश्न : आम्ही संबळ-तुणतुण्यावर गोंधळ घालतो. त्यांच्याकडे साथीला काय असतं? संबळाला जोड आहे का? (तासगाव)*

आहे, आणि नावही तुम्हाला आवडेल.

त्यांच्याकडे दोन वाद्यमेळ आहेत. मोठा मेळ ‘गेंदांग लिमा सदालानेन’, म्हणजे एका वाटेनं चालणारी पाच वाद्यं. त्यात एक सारुने, म्हणजे छोटी सनई. दोन लहानगे ढोल. आणि दोन काशाच्या घंटा, देवळातल्या तासासारख्या टांगलेल्या पण मध्यभागी फुगीर. मोठी घंटा ‘गुंग’ साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर व्यासाची, लहान ‘पेंगानाक’ १५-१६ सेंटिमीटरची. गुंग फेरी संपल्याची खूण देतो, पेंगानाक त्या फेरीचे भाग पाडतो. तुमच्या तुणतुण्याचं काम या दोन घंटा करतात. सूर नाही, पण न थकणारा आधार.

संबळाची जोड म्हणजे ते दोन ढोल. एकाचं नाव ‘सिंगिनदुंगी’, त्यात ‘इंदुंग’ म्हणजे आई. दुसऱ्याचं ‘सिंगानाकी’, त्यात ‘आनाक’ म्हणजे लेकरू. दोन्ही दोन वितींच्या आसपास लांब, खाली निमुळते, फणसाच्या लाकडाचे. वरचं तोंड इतकं लहान की तळहातानं सहज झाकावं. त्यावर पिसोरीच्या जातीतल्या छोट्या हरणाचं कातडं. दोन्ही काठ्यांनी वाजवतात. लेकराच्या कुशीला आणखी एक इवलासा ढोल बांधलेला असतो. लेकरू एकच बोल न चुकता धरून ठेवतं आणि आई त्यावर हवी तशी फिरते, गुरूकडे बघून वाढवते, कमी करते. तुमच्याकडे चाट वाजवणारा आणि धुम घुमवणारा हात एकाच माणसाचे असतात. तिथे ती दोन माणसं.

फणसाचं लाकूड आपल्याकडेही तालवाद्यांना चालतं, म्हणून एक कामाची गोष्ट. तोंड इतकं अरुंद असलं की कातड्यावरचा ताण फार लागतो, आणि हवेत ओल आली की आवाज लगेच बसतो. पठारावर पाऊस भरपूर. अशा ढोलाला आणि संबळालाही आगीची ऊब द्यायची ती लांबून आणि फिरवत. एका जागी धरलं की कातडं एका बाजूनं आखडतं आणि आवाज फाटतो.

लहान मेळ ‘गेंदांग तलू सदालानेन’, तीन वाद्यांचा. घरात, रात्री, आजाऱ्यासाठी विधी असला की हा. त्यात कुलचापी हे तारवाद्य किंवा बालोबात ही बांबूची बासरी, बांबूचं ‘केतेंग-केतेंग’ आणि चिनीमातीची वाटी. कुलचापी दोन तारांची, एकाच लाकडातून कोरलेली, आवाजाचं भोक पाठीमागे. तिचं नाव ‘कच्छपी’ या वीणेच्या नावावरून आलं असं मानतात. मिरजेतल्या सतारवाल्यांना कच्छपी म्हटल्यावर कासवाच्या पाठीसारखा चपटा भोपळा आठवेल. कुलचापीला भोपळा नसतो.

मोठा मेळ अंगणाचा, लहान मेळ चुलीजवळचा. घरात मोठा मेळ बसवला तर सारुने आणि गुंगात गुरूचा आवाज बुडतो. मंत्र ऐकू गेला नाही तर बोलावणंच गेलं नाही, असा त्याचा अर्थ.

*प्रश्न : सारुने न थांबता वाजते असं वाचलं. श्वास कसा घेतात? सनईवर आमच्याकडचे जुने लोक घ्यायचे, पण शिकवणारं कुणी उरलं नाही. (कोरेगाव)*

कारो लोक याला ‘पुलुनामा’ म्हणतात. गालात साठवलेल्या हवेनं सूर चालू ठेवायचा आणि त्याच क्षणी नाकानं श्वास ओढून घ्यायचा. मंत्र चालू असताना सूर तुटला तर आलेला पाहुणा गोंधळतो, असं तिथलं मानणं. म्हणून सारुनेवाल्याला हे यावंच लागतं.

शिकायचा रस्ता असा. वाद्य बाजूला ठेवा. गाल फुगवून तोंड मिटा आणि नाकानं निवांत श्वास घेत-सोडत रहा, गाल न सोडता. हे दोन मिनिटं जमलं की पेलाभर पाणी आणि एक नळी घ्या. नळीतून फुंकत बुडबुडे काढा. छातीतली हवा संपायच्या आधी गाल भरा आणि फक्त गालांच्या जोरावर बुडबुडे चालू ठेवा. तेवढ्यात नाकानं एक छोटा, झटक्यासरशी श्वास. मग पुन्हा छातीची हवा. बुडबुडे तुटत नाहीत ना, हे डोळ्यांना दिसतं, म्हणून पाणी. हे सहज झालं की सनईची नुसती पत्ती, म्हणजे फुंकायचा तोंडाकडचा भाग, तोंडात धरून एक सूर. त्यानंतर सनईवर, मधल्या सप्तकातला एकच सूर. रोज दहा मिनिटं पुरे.

चुकतं कुठे? बहुतेकांचा सूर श्वास घेताना खाली उतरतो. कारण गाल जवळजवळ रिकामे झाल्यावर नाक उघडलं जातं. गाल अर्धे भरलेले असतानाच श्वास घ्या. दुसरी चूक, मोठा श्वास घ्यायची घाई. छोटे श्वास जास्त वेळा घ्यायचे. तिसरी, कडक पत्ती. तिला जोर फार लागतो आणि गालाची हवा तिला पुरत नाही. शिकताना मऊ पत्ती वापरा. लाळेनं पत्ती भिजून जड झाली तरी सूर बसतो, म्हणून दोन पत्त्या जवळ ठेवाव्या. चक्कर आली तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा.

सारुनेला ओठ टेकायला एक चकती असते, ‘आंपांग-आंपांग’. ओठ तिच्यावर दाबून बसले की गालाची हवा बाजूनं निसटत नाही. तुमच्या सनईला चकती नसेल तर ओठांच्या कडा घट्ट धरायची सवय आधी करा.

*प्रश्न : केतेंग-केतेंग शाळेत मुलांकडून करून घेता येईल का? बांबू इकडे भरपूर. (पाटण)*

येईल, आणि करून बघाच. हे वाद्य म्हणजे बांबूचं एक पेर. त्याच्याच सालीच्या दोन तारा उचललेल्या. एका तारेवर बांबूची छोटी पट्टी बसवतात. ती पट्टी गुंगाचा आवाज देते, बाकी भाग ढोलाचा. एकाच माणसाच्या हातात अख्खा मेळ.

आधी बांबू. माणगा आणि मेस भरीव असतात, त्यांचा उपयोग नाही. कळक घ्या, तीनएक वर्षांचा, पोकळी चांगली असलेला भाग निवडून. दोन्ही बाजूंच्या गाठी ठेवून एक पेर कापा. ४० सेंटिमीटरच्या वर लांब आणि मुठीत न मावण्याइतकं जाड असावं. सावलीत महिनाभर वाळू द्या. ओल्या बांबूवर काम केलं तर तार वाळताना आखडते आणि मुळाशी तुटते. बरीच वाद्यं इथेच वाया जातात.

दोन्ही टोकांना, गाठीपासून चार बोटं आत, सुतळी किंवा तार घट्ट गुंडाळा. ही आधी. चीर पुढे पळू नये म्हणून. मग धारदार सुरीनं सालीवर दोन समांतर चिरा, चार-पाच मिलिमीटर अंतरानं, गुंडाळ्यापर्यंतच. मधली पट्टी हळूहळू उचला. एकदम उचलली तर मोडते. खालून थोडी थोडी गाभ्याची बाजू खरवडून पट्टी दोन मिलिमीटरपर्यंत पातळ करा. साल वरच्या बाजूला तशीच ठेवा, ताकद तिच्यातच. दोन्ही टोकांना बांबूची इवली घोडी, म्हणजे तारेखालचा टेकू, सरकवा. घोडी आत सरकवली की सूर चढतो, उंच केली तरी चढतो. तशीच दुसरी तार, पहिलीपासून दोन-तीन बोटं अंतरावर.

आता एका तारेच्या बरोबर मध्याखाली पेराला भोक पाडा, रुपयाच्या नाण्याएवढं. त्या तारेत बांबूची पातळ पट्टी अडकवा, भोकाच्या वर तरंगेल अशी. पट्टी भोकाला चिकटली तर आवाज मेला. फार वर राहिली तर घुमत नाही. दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा. बारीक काड्यांनी वाजवा. पहिल्या दिवशी ‘टक’ येईल. पट्टी आणि फट जुळली की ‘गुंग’ येतो, आणि मुलांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे असतील.

सुरीचं काम शिक्षकांनी करावं. सालीची कड ब्लेडसारखी कापते.

*प्रश्न : ‘तेंदी’ परत बोलावतात म्हणजे काय करतात? आमच्याकडे पोरानं धसका घेतला की मीठ-मोहरी ओवाळतात, तसंच का? (जत)*

भावना तीच, काम बरंच लांबचं.

तेंदी म्हणजे जिवंत माणसाचा जीव-आत्मा. मेल्यावर जे उरतं ते ‘बेगू’. तेंदी घाबरून, पडल्यामुळे, पाण्यात गटांगळी खाल्ल्यानं अंगाबाहेर राहू शकते. मग माणूस खात नाही, झोपत नाही, मिटून बसतो. आपण ‘पोर भेदरलंय, जीव थाऱ्यावर नाही’ म्हणतो ते कारो शब्दशः घेतात. जीव खरोखरच थाऱ्यावर नाही, तो बाहेर कुठेतरी आहे. त्याला परत आणायचा विधी म्हणजे ‘रालेंग तेंदी’.

तो रात्री, घरात, लहान मेळाच्या साथीनं होतो. नातेवाईक बसलेले असतात आणि त्यांचं असणं सक्तीचं. बायको जिथून आली ते घर, लेकी जिथे दिल्या ते घर, आणि स्वतःचे भाऊबंद, हे तिन्ही. गुरू गात गात तेंदीला शोधतो. पाण्याकाठी असलीस तर ये, रानात असलीस तर ये, वाटेवर असलीस तर ये, घर इथे आहे, माणसं इथे आहेत. हुकूम नसतो. रुसलेल्या लेकराला समजावल्यासारखा सूर असतो, आणि मेळही हलका ठेवतात. इथे ढोलाचा दणका चालत नाही, भेदरलेली तेंदी आणखी लांब पळेल.

ती आल्यावर तिला बसवायचं. डोक्यावर कच्चे तांदूळ ठेवतात, ‘बेरास पिहेर’. ‘पिहेर’ म्हणजे टणक. तांदळासारखी तेंदी टणक व्हावी. पानं वापरतात त्यात एकाचं नाव ‘सिमालेम-मालेम’. ‘मालेम’ म्हणजे थंड, आणि ‘मालेम’ म्हणजेच बरं झालेलं. एकच शब्द. आपण ‘जीव निवला’ म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो. दुसरं पान ‘बेसी-बेसी’, ‘बेसी’ म्हणजे लोखंड. पानाचं नाव हेच त्याचं काम, म्हणून मंत्रात प्रत्येक पान नाव घेऊन मांडलं जातं. नाव न घेता नुसतं ठेवलेलं पान म्हणजे पाला. शेवटचा आशीर्वाद ‘चाविर मेतुआ’ : अखंड रहा, म्हातारा हो. देवाला वाहायचं विड्याचं पानही ‘चाविर’च लागतं, म्हणजे न फाटलेलं, टोकासकट.

मीठ-मोहरी ओवाळताना आपण आलेलं काहीतरी काढून टाकतो. रालेंग तेंदीत गेलेलं काहीतरी परत आणतात. दिशा उलटी आहे.

*प्रश्न : अंगात येणं तिथेही असतं का? (म्हसवड)*

असतं. मृत्यूनंतर ‘पेरुमाह बेगू’ करतात, म्हणजे मेलेल्याला घरी बोलावणं. गुरू सिबासो संथ चालीवर गाऊ-नाचू लागते, मेळ हळूहळू वेग घेतो, घंटांच्या फेऱ्या आखूड होतात आणि तिच्या तोंडून गेलेला माणूस बोलू लागतो. घरचे रडतात, राहिलेलं विचारतात, तोही रडतो, विडा मागतो. गुरूच्या स्वतःच्या कायमच्या सोबती आत्म्याला ‘जिनुजुंग’ म्हणतात, अर्थ ‘डोक्यावर घेतलेला’. तुमच्याकडे ‘वारं आलं’ म्हणतात, ज्याला येतं त्याला ‘झाड’ म्हणतात. ते लोक डोक्यावरचं ओझं म्हणतात. ओझं म्हणण्यात जबाबदारी आहे : ते उतरवेपर्यंत खाली बसता येत नाही.

पावसासाठीही बोलावणं असतं, ‘न्दिलो वारी उदान’. सेबेराया गावाचे ‘गुंदाला-गुंदाला’ नावाचे लाकडी मुखवटे त्यात नाचतात. त्यांच्यातला पक्षी ‘गुर्दा-गुर्दी’, म्हणजे गरुडच. माण-खटावात पोरं ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत दारोदार फिरतात आणि त्यांच्यावर पाणी ओततात. तिथेही एकमेकांवर पाणी उडवतात.

*प्रश्न : अशी माहिती छापून आपण अंधश्रद्धा पसरवत नाही का? साताऱ्यातल्या मासिकानं तरी विचार करावा. (सातारा)*

विचार केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. भूत उतरवण्याच्या नावानं मारणं, बांधणं, चटके देणं हा गुन्हा. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा. अंगात शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हाही गुन्हा. पूजा, यात्रा, कीर्तन, भजन, हरिकथा यांना कायदा हात लावत नाही.

आम्ही रेषा तिथेच ओढतो. गाणं, क्रम, वाद्य, शब्द हे नोंदवायचे. ताप आला, मूल दचकून उठतंय, माणूस मिटून बसलाय, तर डॉक्टर आणि गरज असेल तर मानसोपचार. त्याला पर्याय म्हणून यातलं काहीही आम्ही सुचवत नाही. कारो गुरू नुसता मंत्र म्हणत नाही, हेही लक्षात घ्या. मालिशचं तेल, अंगाला लावायचा ‘कुनिंग’ लेप, मसाल्यांच्या वाफेचं स्नान ‘ओउकुप’ हे त्याच्या कामातले मोठे भाग. वाफेचं स्नान आज मेदानमध्ये पैसे देऊन घेता येतं.

*प्रश्न : हे सगळं अजून चालू आहे का? (पलूस)*

कमी झालंय. १८९० पासून डच मिशन आलं, १९६५ नंतरच्या काळात मोठ्या संख्येनं धर्मांतर झालं. सरकारमान्य धर्मांच्या यादीत पमेना नव्हता, म्हणून काहींनी स्वतःला हिंदू नोंदवलं. ओळखपत्रावर अशा श्रद्धा लिहिता येतील, असा निकाल इंडोनेशियाच्या घटना न्यायालयानं २०१७ मध्ये दिला. १९९० च्या दशकापासून लग्नसमारंभात पाच वाद्यांच्या जागी कीबोर्ड आला. आपल्या गोंधळातही आला आहे. कीबोर्डवाला फेरी वाजवतो, पण गुरूच्या चेहऱ्याकडे बघून फेरी लांबवणारी ‘आई’ त्यात नसते. नुकसान तिथे आहे.

*प्रश्न : आरेवाडीच्या बिरोबाच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत. मोबाईलवर नीट कसं करावं? (कवठेमहांकाळ)*

या सदरातलं सगळ्यात तातडीचं पत्र हेच.

आधी परवानगी. मुख्य गाणाऱ्याची आणि झीलकऱ्यांची, दोघांची. कुणाच्या अंगात आलं तर तेवढा भाग कुठेही टाकायचा नाही, हे आधीच ठरवून सांगा आणि पाळा.

दोन मोबाईल घ्या, दोन्ही विमान मोडवर. एक मुख्य गाणाऱ्यापासून दीड-दोन मीटरवर, छातीच्या उंचीला. दुसरा ढोलांपासून चार-पाच मीटर लांब. एकच मोबाईल मध्ये ठेवला की ढोल ओव्यांना गिळतो, आणि नंतर कितीही आवाज वाढवला तरी शब्द वर येत नाहीत. सुरू करताना एकदा मोठ्यानं टाळी वाजवा. नंतर दोन फायली जुळवायला तीच खूण. ॲपमध्ये ‘वेव’ प्रकार निवडा, एमपीथ्री नको. पंख्याची आणि वाऱ्याची फरफर अडवायला माइकवर पातळ सुती रुमालाचा एक पदर पुरतो. बॅटरी भरलेली आणि जागा मोकळी, हे आदल्या दिवशी बघा.

सगळ्यात महत्त्वाचं, गाणं सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी सुरू करा आणि संपल्यावर पाच मिनिटं चालू ठेवा. लोक ‘खरी ओवी’ सुरू झाली की बटण दाबतात आणि कथा संपली की बंद करतात. मग सुरुवातीचं नमन जातं, देवाला निरोप जातो, भंडारा उधळताना म्हटलेले दोन शब्द जातात. कारोंच्या कित्येक रेकॉर्डिंगमध्ये हेच झालंय. मधली चाल आहे, बोलावणं आणि पाठवणी नाही. ऐकायला छान, पण तो मांगमांग उरत नाही.

वहीत प्रत्येक फायलीसाठी लिहा : तारीख, तिथी, गाव, वाडा, कोणत्या देवापुढे, कोण पुढे गातं आणि कोण झील धरतं (त्यांना चालत असेल तरच नाव), ढोल किती, कैताळ किती, कथा कुठली, कुठे ओवी थांबून बोलणं सुरू होतं आणि कुठे परत गाणं लागतं. शब्द जसे ऐकू येतात तसे लिहा. ‘आलं’चं ‘आले’ करू नका, ‘बिरुबा’ म्हटलं असेल तर ‘बिरुबा’च. आठवड्याभरात गाणाऱ्याला परत ऐकवा आणि तुटक राहिलेल्या जागा त्याच्याकडून भरून घ्या. ते सांगतील तेव्हाही मोबाईल चालू ठेवा, कारण शब्दाचा अर्थ सांगताना ते तीच ओळ हमखास पुन्हा गाऊन दाखवतात.